जोतीरामच्या कागदावरचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव शेलशॉक. पहिल्या महायुद्धात, खंदकातल्या चिखलात माझा जन्म झाला. तोफगोळ्यांच्या माऱ्यानं ज्याचं मन सुन्न झालं, हात थरथरू लागले, वाचा बसली, त्याच्यासाठी शिपायांनीच मला घडवलं.

डॉक्टरांनी आधी मला डोक्यावर घेतलं. पण असे आजारी वाढले, लढायला माणसं कमी पडू लागली, तशी मोठ्या साहेबांना माझी अडचण होऊ लागली. कागलजवळच्या एका गावचा शिपाई जोतीराम त्या युद्धातून परतला, त्याच्या फौजेच्या कागदावर मी होतो. एका साहेबानं मला लाल शाईनं खोडलं आणि वर इंग्रजीत लिहिलं, 'भित्रा'. गावच्या मास्तरांनी तेवढंच वाचून दाखवलं. झालं! वरातीत फटाके वाजले की जोतीराम गोठ्यात म्हशीमागं दडायचा आणि गाव पोट धरून हसायचं.

मी मात्र जगभर मिरवलो. आता तर मला कुणीही कशालाही जुंपतं. परवा जोतीरामची खापरपणती स्वप्नाली फोनवर म्हणाली, "साडीचा दर ऐकून मी शेलशॉकच झाले की!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात तिची आजी अंबूबाई सरपंचाकडे गेली होती. गावच्या सैनिकांच्या नावांचा नवा दगड बसणार होता आणि तिला त्यावर आपल्या आजाचं, जोतीरामचं नाव हवं होतं.

"आत्ती, भिऊन आलेल्याचं नाव दगडावर बसत न्हाय," सरपंच अमरसिंह म्हणाला.

म्हातारीनं घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली आणि जोतीरामचा कागद स्वप्नालीपुढं धरला. "वाच गं, काय लिवलंय?"

लाल रेघेखाली स्वप्नालीनं मला ओळखलं. तिचा चेहरा उतरला. "आजी, ह्यो आजार हाय. भित्रा न्हवता त्यो."

"मग शंभर वर्सं आमी मान खाली घालून का फिरलो?" अंबूबाई कडाडली.

याचं उत्तर त्या साहेबानं द्यायला हवं होतं. तो कधीच मातीत गेला.

दोघी कागद घेऊन सरपंचाच्या दारात बसल्या. नाव कोरायचं कबूल होईपर्यंत उठल्या नाहीत.

उद्घाटनाला अमरसिंहानं हौसेनं फटाक्यांची दहा हजारी माळ अंथरली. काडी ओढून माळेला लावणार, तोच अंबूबाई काठी टेकत माळेवर जाऊन उभी राहिली.

"आज तरी माज्या आज्याला दडाय लावू नगा."

अमरसिंहानं काडी विझवली आणि स्वतःच्या हातानं माळ गुंडाळली.

मित्रांनो, साडीला, मॅचला, निकालाला तुमच्याकडे ढीगभर शब्द आहेत. ते खुशाल वापरा. मला तोंडात घ्याल, तेव्हा आधी त्या गोठ्यात एकदा डोकावून या.