जिवाचा आकार

"एक्स-रेत प्लास्टिक दिसत नाही," काचेवरची फिल्म उतरवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी विचारून बघा. आज हिनं तोंडात काय घातलं असेल?"

हे माहीत असतं तर अरिहंत निपाणीपासून बेळगावपर्यंत तोंड मिटून आला नसता. त्याच्या बायकोच्या, दीप्तीच्या मांडीवर त्यांची अनू श्वास ओढत होती. दोन वर्षांची पोर. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत जायची आणि शिटीसारखा बारीक आवाज यायचा.

"शेंगदाणा, चिंचोका, मणी?"

"न्हाई मॅडम. सासूबाई असलं काय खाली ठेवतच न्हाईत," दीप्ती म्हणाली. "दुपारी एकदम ठसका लागला. त्याआधी नुसती सर्दी होती."

"तेच अडचणीचं आहे. सर्दीनं छाती भरली असेल, तर दुर्बीण घालायला भूल देणं धोक्याचं. आत काही अडकलं असेल, तर थांबणं धोक्याचं. ठरवायला फार वेळ नाही."

अरिहंतनं आईला फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आरं, तुझा प्राणी पडला सकाळी माझ्या हातनं."

बेळगावच्या खासबागचा मामा दुबईला असताना त्यानं त्या प्राण्याचा खोका आणला होता. जोडायचे ठोकळे, वर डायनासोरच्या सिनेमाच्या नावाचा शिक्का. त्याच सुट्टीत मामानं बेळगावात तो सिनेमाही दाखवला होता. पाचवीतल्या अरिहंतनं दिवसभर खपून डायनासोर उभा केला. दुसऱ्या दिवशी तो मोडून त्याच ठोकळ्यांची जीप करायची होती. खोक्यावर तसं चित्रच होतं. आईनं हात धरला. "जिवाचा आकार झाला रं. आता मोडायचा न्हाय." त्यांच्या जैन घरात पोपटाच्या आकाराचं बिस्कीटही येत नसे. मोडताना मनात पोपट असतोच, आणि मनात झाली ती हिंसाच. गल्लीतली पोरं विचारायची, "तुझा खेळ एकदाच खेळायचा असतोय व्हय रं?" जीप कधी झालीच नाही. अरिहंत मोठा झाला, पतसंस्थेत काउंटरवर बसू लागला, त्याचं लग्न झालं. डायनासोर शोकेसमध्ये उभाच होता. कामातून सवड मिळाली की तो अजूनही मनातल्या मनात एकेक ठोकळा काढून परत लावायचा.

"पडला म्हणजे? मोडला?"

"शेपटी निघाली, पाय निघाला. पर्युषणाची झाडलोट करत होतो. मी लावला परत. जे बसंना ते त्याच्या पोटात भरलं आन् वरनं पाठ दाबून बसवली. उपवास धरलाय मी."

"सगळे तुकडे घावले?"

"दिसले तेवढे घेतले."

त्यानं व्हिडिओ कॉल लावला.

"आई, तुझं कपाळ दिसतंय. फोन डब्याला टेकवून ठेव. व्हय, तसा. आता प्राणी समोर आण."

लांबून पाहिलं तर डायनासोर धड दिसत होता. जवळून पाहिलं तर पाय उलटा होता आणि पंजे भलतीकडेच वळले होते.

"पोट उघड आई. आतलं सगळं परातीत काढ. पंजेबी सोडव, तुकडे मोजायचेत."

आईचे हात डायनासोरच्या पाठीवर आले आणि तिथंच थांबले.

"ते मला सांगू नको, आरू."

"आई, अनूला श्वास मिळंना झालाय."

"कळतंय मला! पर चुकून मोडलं त्याला उपवास हाय. जाणून मोडलं त्याला काय हाय?"

"मी सांगतोय न्हवं? पाप मला लागू दे."

"तसं वाटून मिळतंय व्हय रं? करणाऱ्याला, करवणाऱ्याला आन् बरं म्हणणाऱ्याला, तिघास्नी सारखंच लागतंय."

हे अरिहंतनंही पाठशाळेत लहानपणी मांडी घालून म्हटलं होतं. अनूनं पुन्हा श्वास ओढला आणि शिटी मध्येच तुटली. डॉक्टरीणबाई पुढं झाल्या आणि त्यांनी मास्क तिच्या नाकावर धरला.

दीप्तीनं त्याच्या हातातला फोन आपल्याकडं वळवला.

"करणाऱ्या तुम्ही, करवणारे हे. मग तिसरी मी, आई. मी बरं म्हणते. मोडा."

आईनं एकदा सुनेकडं पाहिलं. मग डोळे मिटले. ओठ हलू लागले. णमोकार मंत्र होता. पाठ निघाल्याचा कट् असा आवाज फोनमधून आला. त्यानंतर ती थांबली नाही. मान, जबडा, पाय, सगळं परातीत पडत गेलं.

"पांढरी नखं एका बाजूला कर," अरिहंत म्हणाला. "बारकी, टोकदार. घशात जातील आसली तीच. सहा पायजेत."

आईनं ती बोटानं सरकवली. "पाच हाईत."

"नीट बघ. पंजात एखादं अडकलं आसंल."

"पाचच हाईत रं."

"कपाटाखाली हात घाल. पायपुसण्याखाली बघ."

आई फोनसमोरून उठली. घासत सरकणाऱ्या कपाटाचा आवाज आला, मग झाडूचा. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होत्या, पण कान फोनकडंच होता.

आई परत समोर आली. तिनं रिकामा तळवा दाखवला.

"केवढं असतं ते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अरिहंतनं करंगळीच्या नखावर अंगठा ठेवून दाखवलं. "एका टोकाला निमुळतं. दुसऱ्या बाजूला गोल खुंटी."

"चला," त्या सिस्टरला म्हणाल्या.

सिस्टरनं अनूला आत नेलं आणि दार लागलं. दीप्ती भिंतीला टेकून उभी राहिली. अरिहंतनं तिला बसायला सांगितलं, पण ती बसली नाही. मग तोही उभाच राहिला.

दार उघडलं तेव्हा सिस्टरच्या हातात स्टीलची वाटी होती. वाटीत नख होतं, ओलं, पांढरं. आतून रडण्याचा घोगरा, भरलेला आवाज आला, आणि दीप्ती सिस्टरला जवळजवळ ढकलून आत गेली.

अरिहंतनं परत व्हिडिओ कॉल लावला. आई त्याच जागी होती.

"घावलं, आई. काढलं. रडतीया ती."

आईनं पदर तोंडावर धरला.

"रडू दे. लई रडू दे तिला."

तिच्या मागच्या खिडकीत काळोख होता. तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या होता, त्यावरचं फुलपात्र जसंच्या तसं.

"पाणी तरी घेतलंस का?"

"आता दिवस बुडाला की रं, पाणीबी चालत न्हाय. सकाळी घेईन."

"मी येतो तवर परात तशीच ठेव. मी बघतो काय करायचं ते."

उठून तिनं दोरीवरचं धुतलेलं पांढरं धडपं आणलं, परातीवर पसरलं आणि चारी कडा आत खोचल्या. मग आतल्या खोलीत निघून गेली. फोन बंद करायचा राहिला होता. दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या अरिहंतला बराच वेळ ती झाकलेली परात दिसत राहिली. त्यानंही कॉल तोडला नाही.