खरखर कुणाची

कानसेनांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारायचं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. ध्वनिमुद्रण हा त्यांचा धंदा. दृष्टिहीनांसाठी कुणाकडून तरी पुस्तक वाचून घ्यायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि मग वाचणाऱ्याचं अडखळणं, आवंढे गिळणं, अधलेमधले श्वास कापून टाकायचे. दुसऱ्यांचे श्वास कापण्यात जन्म गेला आणि आता स्वतःचाच पुरेना, हा विनोद ते स्वतःच सांगत. पण सांगता सांगता खोकल्याची उबळ येई, त्यामुळे विनोदाचा शेवट आजवर कुणी ऐकला नव्हता.

छातीत जंतूंनी ठाण मांडलं होतं. "हा क्षय नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आहे त्याच्याच घराण्यातला. दुसऱ्याला लागत नाही, तुम्हाला सोडतही नाही." म्हणजे चुलतभाऊ, कानसेनांनी मनाशी ठरवलं, चार दिवस राहायला आला आणि खोली बळकावून बसला. नव्या स्कॅनमध्ये डाग वाढले होते. वर्षाहून जास्त गोळ्या, सुरुवातीचे काही महिने इंजेक्शनं, आणि त्या इंजेक्शनांचा डोळा नेमका कानांवर.

"दर महिन्याला कान तपासू. जरा फरक दिसला की बंद करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण जेवढं गेलं असेल तेवढं परत येणार नाही."

'विचार करून सांगतो' म्हणून कानसेन घरी आले आणि विचार न करण्याची शिकस्त केली. बायकोपुढे मात्र भाषण ठोकलं. "फुप्फुसं काय, सगळ्यांनाच असतात. असे कान कुणाला आहेत?"

बायको शेंगा सोलत होती. "काल जेवायला तीन हाका मारल्या. ऐकल्या होत्या या कानांनी?"

"ऐकल्या होत्या. उठावंसं वाटलं नाही."

स्टुडिओ म्हणजे एका कार्यालयामागची सामानाची खोली. काचेपलीकडे बसायची चैन तिथे नव्हती. वाचणारा आणि कानसेन एकाच टेबलाशी बसत. लाल दिवा लागला की खोकला दाबायचा. त्या भरात त्यांचा चेहरा वांग्यासारखा जांभळा होई आणि वाचणारे घाबरून ओळ चुकत.

हल्ली हेडफोनमध्ये खरखर येऊ लागली होती. बारीक, पण चिवट. कानसेनांनी केबल बदलली, माइक बदलला, खुर्चीच्या सांध्यांत तेल घातलं. शेवटी सगळा संशय वाचणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंवर आला.

"बाई, राग मानू नका," ते शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, "तुमची कवळी जरा सैल झालीय का?"

बाईंनी पुस्तक मिटलं. "माझे सगळे दात माझे स्वतःचे आहेत. हवं तर मोजून घ्या." आणि पर्स उचलून त्या तरातरा निघून गेल्या.

बाई गेल्या, तरी काम होतंच. रिकाम्या खोलीची शांतताही रेकॉर्ड करावी लागते; कापलेल्या श्वासांच्या जागी तिचीच ठिगळं लावतात. कानसेनांनी दार लावलं, पंखा बंद केला आणि हेडफोन चढवून बसले.

खरखर होती. बाई नव्हत्या, बाईंचे दात नव्हते, तरी होती. नीट कान देता यावा म्हणून त्यांनी श्वास रोखला. खरखर थांबली. श्वास सोडला. खरखर सुरू झाली.

एवढे नावाजलेले कान, पण त्यांना मालकाची छाती ओळखायला अर्धं पुस्तक लागलं होतं. कानसेनांना आधी हसू आलं आणि मग भीती वाटली. चांगलीच वाटली.

घरी त्यांनी कवळीचा किस्सा रंगवून सांगितला, बायको हसावी म्हणून. ती हसली नाही.

"मला वर्षभर ऐकू येतेय ती खरखर," ती म्हणाली. "रात्री जाग आली की आधी तीच ऐकते. ऐकू आली की मग झोपते."

कानसेनांनी विचारलं, "आणि कान गेले तर?"

"तर मी ओरडून बोलेन. आताही ओरडतेच, तुम्ही मनावर घेता कुठे?" ती उठली. "पण तुम्हीच राहिला नाहीत, तर ओरडू कुणावर?"

ती स्वयंपाकघरात गेली. कानसेनांनी आधी बाईंना फोन करून माफी मागितली आणि त्यांच्या दातांची तोंडभरून स्तुती केली. मग दवाखान्याचा नंबर लावला. नाव सांगायला तोंड उघडलं, तर खोकलाच आधी बोलला.

"ओळखलं, काका," पलीकडची मुलगी म्हणाली. "बोला."

"डॉक्टरांना सांगा, इंजेक्शनं सुरू करू या," ते म्हणाले. "आणि कानांची पहिली तपासणी लवकर ठेवा. आज आहेत ते किती चांगले आहेत, ते एकदा लिहून ठेवलेलं असू दे."

फोन ठेवला, तेवढ्यात आतून बायकोने जेवायला हाक मारली, नेहमीच्याच आवाजात. कानसेन पहिल्या हाकेला उठले.