मुळं कापलेली अळंबी

आमच्या पाड्यात अळंबी निवडायची ती मीच. बाया टोपली घेऊन येतात, दगूबाईने हात लावला की मगच भाजी चुलीवर चढते. दोन वर्षांपासून मला धड दिसत नाही, हे मात्र कुणाला सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोटं आहेत ना माझी! वारुळावरच्या चांगल्या अळंबीला खाली लांब मूळ असतं, विषारीच्या बुडाशी वाटीसारखा गड्डा. चाचपलं की कळतं.

गेल्या पावसाळ्यात शेजारची कालीबाई आली. तिने मुळं विळ्याने कापून टाकलेली. नुसत्या छत्र्या हातात घेऊन काय कळणार? तरी म्हटलं, खा. आठवड्याच्या आत ती गेली. लोक म्हणाले, कावीळ झाली. मीही मान हलवली. तिचा नवरा जान्या अजून येता-जाता मावशी म्हणून हाक मारतो, आणि मी ओ देते.

आज माझी सून रिना टोपली भरून घेऊन आली. तिला सहावा महिना. माती नको म्हणून तिनेही मुळं रानातच कापली होती. मी तिच्यावर खेकसले. ती बिचारी हसली आणि म्हणाली, चांगली आहे ना? नाही कळत म्हणाले असते, तर कधीपासून ते सांगावं लागलं असतं. जीभ झडो माझी, मी हो म्हटलं.

लसूण-मिरचीत भाजी शिजली. वासही चांगला होता. असेलही चांगली, असं मी मनाला सांगत बसले. पोरीला भूक आवरेना, तिने भाकर मोडली.

मी चाचपडत तिचा हात धरला आणि घास खाली पाडला. भाजीचं भांडं चुलीतल्या राखेत उलटं केलं. सकाळपासून डोंगर तुडवला होता तिने, रडायलाच लागली.

"मला दिसत नाही, रिना," मी म्हटलं.

तिचं रडणं थांबलं.

"कधीपासून, आई?"

"कालीबाईच्या आधीपासून."

कुडापलीकडे जान्या बैलांशी बोलत होता. रिनाने तिकडे बघितलं असेल, मला काय दिसतंय.

"त्याला बोलाव," मी म्हटलं.