तीन मोकळ्या मात्रा

"आर वी गोइंग होम?" मिस्टर हॅरिसनी विचारलं.

त्यांचा डावा पाय क्षितिजाच्या मांडीवर होता आणि बूट तिच्या हातात. मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नमधल्या त्या वृद्धाश्रमात ती सहा वर्षं काम करत होती आणि गेली चार वर्षं रोज सकाळी हा प्रश्न येत होता. पायात बूट चढला की म्हाताऱ्याला वाटायचं, आता आपल्याला घरी नेणार.

"व्हेरी सून, मिस्टर हॅरिस," ती म्हणाली. हे खोटं ती इतक्या वेळा बोलली होती, की आता त्यात खोटं बोलल्यासारखं काही उरलं नव्हतं.

युनिफॉर्मच्या खिशात फोन तिसऱ्यांदा थरथरला. कामाच्या वेळी फोन पाहायला मनाई होती, म्हणून तिने तो बाथरूममध्ये जाऊन पाहिला. जयंती समितीच्या सेक्रेटरीचा, म्हणजे अपर्णाचा मेसेज होता. 'गाण्यांची लिस्ट पाहिली. शेवटच्या गाण्याबद्दल बोलायचंय. ब्रेकमध्ये फोन कर, प्लीज.'

गाण्यांची यादी पाठवतानाच क्षितिजाला ठाऊक होतं, की हा फोन येणार.

शेवटचं गाणं तिच्या वडिलांचं होतं. दादाराव हे पाटबंधारे खात्यातले शिपाई. दिवसभर साहेबांना पाणी द्यायचं आणि संध्याकाळी डफ घेऊन वस्तीवस्तीत जलसा करायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. तीन वर्षांपूर्वी तेरा एप्रिलला त्यांच्या शेजारच्या सोजरबाईच्या मुलाला पोलिसांनी चौकशीला बोलावलं. एकोणीस वर्षांचं पोर. मोठ्या माणसांच्या दारात काढतात तशी त्याने चौकीच्या दारात चप्पल काढली आणि तो आत गेला. तिसऱ्या दिवशी सोजरबाईला पोराचं प्रेत मिळालं. चप्पल तिथेच होती. दादारावांनी त्यावर गाणं रचलं:

*चौकीच्या दारात चप्पल राहिली,*
*मायनं तीन दिस वाट पाहिली.*

दरवर्षी तेरा एप्रिलला हे गाणं म्हटलं जाईल, असा शब्द त्यांनी सोजरबाईला दिला होता. एक वर्ष त्यांनी तो पाळला. गेल्या वर्षीही पाळला आणि दुसऱ्या दिवशी पोलीस त्यांना घेऊन गेले. एकाहत्तराव्या वर्षी चार महिने आत काढल्यावर जामीन झाला, तो एका अटीवर. गायचं नाही आणि गाणं पसरवायचं नाही. आता कुणीतरी त्यांचा जुना व्हिडिओ फिरवला होता, म्हणून जामीन रद्द करा असा पोलिसांचा अर्ज होता. मंगळवारी सुनावणी. जलशातल्या दोघा पोरांना नोटिसा आल्यापासून गावात ते गाणं गुणगुणायलाही कुणी धजत नव्हतं.

आणि यंदाचा तेरा एप्रिल रविवारी येत होता. मेलबर्नमधल्या बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम त्याच दिवशी होता.

ब्रेकमध्ये तिने कार पार्कमधून फोन लावला.

"हे बघ, मला गाणं आवडतं," अपर्णा म्हणाली. "पण कार्यक्रम लाइव्ह जाणारे. मंगळवारी काकांची सुनावणी आणि रविवारी त्यांच्या नावाचं गाणं फेसबुकवर? तूच विचार कर."

"मी रोज तेवढंच करतेय."

"मग शेवटचं कडवं गाळ ना. नाव तिथेच येतं. बाकीचं बिनधास्त म्हण. नो वरीज."

सुचवणं चुकीचं नव्हतं. अपर्णा काही घाबरट बाई नव्हे. हॉलच्या बुकिंगपासून दोनशे माणसांच्या जेवणापर्यंत सगळं तीच अंगावर घेई. पण तिला जलसा ऐकूनच माहीत होता. शाहिराच्या घरात वाढलेल्या मुलीला हे सांगावं लागत नाही, की गाण्याच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं ते मिरवायला नव्हे.

शनिवारी दुपारी तिने गावी व्हिडिओ कॉल लावला. दादाराव लोखंडी खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, गळ्याची शीर उठून दिसत होती. क्षितिजाने त्यांना पाच वर्षांत प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. जूनमध्ये जायचं होतं. रजा मंजूर झाली होती, तिकीट काढलं होतं, त्यांच्यासाठी घेतलेले दोन स्वेटर कपाटात होते.

"आबा, शेवटचं कडवं गाळून म्हणू का?"

"नगं."

"पण तुमचं नाव आलं तर मंगळवारी..."

"माजं नाव काढ की." ते सहज म्हणाले, ताटातली मिरची बाजूला काढ म्हणावं तसं. "तुजं घाल."

क्षितिजाच्या लहानपणी एका गवयाने त्यांचं गाणं स्वतःच्या नावावर खपवलं, तेव्हा याच माणसाने सहा महिने त्याच्याशी अबोला धरला होता.

"तुमचं गाणं आहे ते, आबा."

"असंल. पर बिननावाचं गाणं म्हंजी निनावी अर्ज. त्याला कोन भीत न्हाई. कुनीतरी म्हनाया पायजे, हे मी म्हनतोय, या मला विचारा." त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "पर मग तुला विचारतील, माय. ते बी बघ. जूनचं अवघड हुईल. मी काय सांगत न्हाई. तुजं तू ठरव."

म्हणजे हिशेब सरळ होता. गप्प बसली तर सोजरबाईला दिलेला शब्द मोडणार. वडिलांचं नाव घेतलं तर ते पुन्हा आत जाणार. स्वतःचं नाव घातलं तर ते बाहेर राहतील, पण त्यांना भेटायला जाण्याची वाट बंद होणार, आणि एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या बाबतीत बंद झालेली वाट पुन्हा केव्हा उघडेल, उघडेल की नाही, कुणी सांगावं?

तिने स्वप्निल आला म्हणून सांगून फोन ठेवला.

तो खरंच आला होता. डँडेनॉन्गच्या एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा स्वप्निल कॉलेजच्या दिवसांत दादारावांच्याच जलशात ढोलकी शिकला होता. गॅरेजमधली सायकल आणि लॉनमोवर बाजूला सारून दोघं बसली. पहिली कडवी नीट बसली. शेवटचं आलं. मूळ ओळी अशा होत्या:

*दादाराव म्हणे, चप्पल ही धरा,*
*पायांचा पत्ता चौकीला विचारा.*

क्षितिजाने डोळे मिटले आणि म्हटलं, "क्षितिजा म्हणे..."

ढोलकी अडखळली. स्वप्निलने एकदा तिच्याकडे पाहिलं. बापाचं नाव का गेलं, हे त्याने विचारलं नाही. म्हणाला, "ताई, तीन मात्रा कमी पडतायत."

"माहितीये."

"'लेक क्षितिजा' म्हण. चपखल बसतं."

तिने म्हणून पाहिलं. खरंच बसलं, इतकं छान की दोघांनाही क्षणभर बरं वाटलं. मग ती म्हणाली, "कुणाची लेक, हे कोर्टात पहिलं विचारतील."

"ते तर आडनावावरूनही कळेल."

"कळू दे. पण माझ्या तोंडून यायला नको. मंगळवारपर्यंत तरी नको."

स्वप्निलने ढोलकीची दोरी उगाचच ताणली. "मग तिथे काय भरायचं?"

"काही नाही. मोकळ्या सोड."

"आबांच्या गाण्यात मोकळी जागा?" त्याचा आवाज चढला. "त्यांनी मला एका मात्रेसाठी उभं करून हाणलंय, ताई."

"तुझ्याकडे दुसरा काही उपाय आहे?"

त्याने ढोलकी पुन्हा मांडीवर ओढली.

रविवारी हॉल गच्च भरला. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पळणारी आणि इंग्रजीत भांडणारी मुलं, मागच्या टेबलावर झाकून ठेवलेली खीर. समोर स्टँडवर अपर्णाचा फोन लावलेला होता. कार्यक्रम त्यातूनच लाइव्ह जात होता. गावी साडेअकरा झाले असतील. दादारावांच्या घरी सोजरबाई येऊन बसली असेल, हे क्षितिजाला ठाऊक होतं.

तिने आधी बाबासाहेबांवरची दोन गाणी म्हटली. टाळ्या पडल्या. अपर्णाने पुढच्या वक्त्याचं नाव पुकारायला माइक हातात घेतला. क्षितिजा जागची हलली नाही.

"अजून एक आहे," ती म्हणाली.

पहिल्या रांगेत कुजबुज झाली. अपर्णा स्टेजच्या कडेपर्यंत आली आणि फक्त तिला ऐकू येईल इतपत म्हणाली, "क्षितिजा, नको. मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय. लाइव्ह बंद करीन मी."

"बंद केलंस तर जिच्यासाठी म्हणतेय तिलाच ऐकू जाणार नाही. आज तारीख काय आहे, अपर्णा?"

अपर्णा माघारी वळली आणि सरळ फोनच्या स्टँडपाशी जाऊन उभी राहिली. आता थांबून उपयोग नव्हता. क्षितिजाने स्वप्निलला खूण केली आणि सुरुवात केली.

*चौकीच्या दारात चप्पल राहिली...*

कुजबुज थांबली. मागे कुणीतरी आपल्या मुलीला ओढून जवळ बसवलं. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटला, तो तिने तसाच पुढे नेला. गाताना ती अपर्णाच्या हाताकडे पाहत होती. हात फोनकडे गेला. अपर्णाने किंचित तिरका झालेला फोन सरळ केला आणि हात मागे बांधून ती तिथेच उभी राहिली.

शेवटचं कडवं आलं. या ओळीपाशी आबा डफ उंच धरायचे आणि लहानपणी तिला वाटायचं, आता आबांचं नाव आभाळाला लागणार. आपण ते त्यांच्याकडून काढून घेतोय, असं तिला एकदम वाटलं. रडू आलं. तिने ते गिळलं.

"क्षितिजा..." ती म्हणाली आणि थांबली.

स्वप्निलने जागा मोकळी सोडली नाही. त्याने डाव्या पुडीवर तीन थापा दिल्या, सावकाश, एकेक सुटी. कुणीतरी दारावर माराव्यात तशा.

"...म्हणे, चप्पल ही धरा, पायांचा पत्ता चौकीला विचारा."

गाणं संपलं. टाळ्या पडल्या नाहीत. पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले, मग त्यांच्या शेजारची बाई, मग सगळा हॉल. मग अपर्णाने पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

सोमवारी गावाकडून काहीच कळलं नाही. मंगळवारी क्षितिजा संध्याकाळपर्यंत फोन हातात घेऊन घरात येरझाऱ्या घालत होती. नवऱ्याने तिच्यापुढे चहा ठेवला, तो निवला. दुसरा ठेवला, तोही निवला. सहा वाजता फोन वाजला.

"जामीन कायम," दादाराव म्हणाले. "तुज्या व्हिडिओचं कागद त्यांनी आनलं हुतं. वकील म्हनला, यात माज्या अशिलाचं नाव कुटं हाय ते दावा. जजनं दोनदा वाचलं. न्हाईच तर कुठनं सापडंल?"

क्षितिजा खुर्चीत बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पर पोलिसांनी तुजं नाव लिवून घेतलं," ते पुढे म्हणाले. "वकील म्हनला, तिला सांगा, सध्या येऊ नको. इमानतळावरच धरतील."

"सध्या म्हणजे किती?"

"त्यानं सांगितलं न्हाई."

पलीकडे कुत्रं भुंकत होतं, कुणाची तरी मोटरसायकल गेली. एवढे आवाज ऐकू येत होते आणि तरी तिथे जाता येणार नव्हतं.

"आबा, तीन मात्रा कमी पडल्या," ती शेवटी म्हणाली.

"ऐकलं मी." ते म्हणाले. "थांब, सोजरबाई बोलतीया."

फोन सोजरबाईकडे गेला. ती कोर्टात दादारावांबरोबर गेली होती आणि अजून घरी परतली नव्हती. तिला फोनची सवय नव्हती, त्यामुळे ती मोठ्याने बोलली.

"पोरी, समदं ऐकलं बग. शेवटाला मदीच ढोलकी एकली वाजली ना?"

"हो, मावशी."

"तितं मी म्हनलं तुज्या बापाचं नाव. हळूच. इतं घरात कोन ऐकतंय?"

क्षितिजाने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ठेवला. पलीकडून फोन ठेवला गेला तरी ती तशीच बसली होती. मग तिने लॅपटॉप उघडून जूनची रजा रद्द केली आणि कपाटातले दोन स्वेटर काढून पार्सलच्या खोक्यात भरले.

बुधवारी सकाळी सात वाजता ती मिस्टर हॅरिसच्या खोलीत गेली. गुडघ्यांवर बसली, त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला, बुटात सरकवला, नाडी बांधली.

"आर वी गोइंग होम?"

क्षितिजाने वर पाहिलं. रोजचं उत्तर तोंडापर्यंत आलं होतं, पण आज ते बाहेर पडेना.

"नॉट धिस यीअर, मिस्टर हॅरिस," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने थोडा विचार केला.

"फेअर इनफ," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरा पाय पुढे केला.