दोन पालथे, एक उभा

मी एक पेन्सिल बोलतेय. एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. आता बोटभर उरलेय. जे सांगायचं ते लवकर सांगायला हवं, कारण आमच्या जातीचं आयुष्य दर वेळी टोक काढताना थोडं थोडं गळून पडतं.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. तो मला आठवत नाही. आठवतं ते पुण्यातलं दुकान आणि मला उचलणारा घामेजलेला हात. तो मायाक्काचा. ती तेव्हा कॉलेजात होती. प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं होतं, "कविता वाचताना गुणाखाली निळी रेघ मारा, दोषाखाली लाल." मायाक्कानं ते गाठीला बांधलं.

पण गुण दाखवायला तिला भीती वाटायची. आपल्याला आवडलं ते इतरांना हसण्याजोगं वाटलं तर? दोष काढला की माणूस हुशार दिसतो. म्हणून माझी लाल बाजू भराभर झिजली आणि निळी लांबच्या लांब राहिली.

शिकून ती सोलापूरला आली, मुलींच्या शाळेत शिकवू लागली. वडील सिद्धाप्पा गिरणीत होते. चाळीतल्या एका खोलीत तिघांचं बिऱ्हाड. गिरणीचा भोंगा रोजचाच, तरी तो वाजला की ती दचकायची आणि माझी रेघ वाकडी जायची. शाळेत तिनं एक गोष्ट लपवली होती. दहा वर्षांपूर्वीपर्यंत हे घर मेंढरांमागं माळामाळानं फिरत होतं. ती मात्र सातव्या वर्षापासून शाळेसाठी शहरात आत्याकडं राहिलेली. माळ तिला नीट आठवतही नव्हता.

घरात आणखी एक गोष्ट कुणी बोलत नसे. थोरला भाऊ गुंडा. चौथीपर्यंत शिकलेला, हातात काडी आली की मातीत अक्षरं काढणारा. एका दुष्काळी साली लंगड्या मेंढीसाठी तो मागं थांबला, तळ पुढं गेला, आणि तो पुन्हा सापडलाच नाही. पुढं मेंढरंही गेली, आणि घर गिरणीच्या दारात आलं.

यंदा वाचनालयानं मायाक्काला बोलायला बोलावलं. विषय होता अलीकडच्या कवितेतलं घर, आठवण आणि माळरान. तिनं मासिकांतून तीन कविता निवडल्या. पहिलीत पुरात गेलेल्या घराचा नुसता उंबरठा कवीला आठवतो. तिथं दीड ओळीखाली मी निळी उमटले. दुसरीत बापाच्या खांद्यावरून पाहिलेलं शेत होतं, पण विशेषणांची खोगीरभरती. तिथं लाल. तिसरीखाली कवीचं नाव नव्हतं, नुसतं 'एक वाटसरू'. तिच्यात या ओळी होत्या:

माळावरती चूल आमुची तशीच मागे राही;
दोन पालथे, एक उभा तो, राखेत ऊब नाही.

मायाक्कानं मला दाबून लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, "चुलीचे तीन दगड सारखेच असणार. तपशील हुकला. कवीने माळावरची चूल पाहिलेली दिसत नाही."

शनिवारी दुपारी ती भाषणाची तालीम करत होती. आई म्हाळसाबाई ज्वारी निवडत बसली होती.

"लई भरभर बोलती गं तू. मेंढरं उधळल्यावानी," आई हसली.

मायाक्कानं त्या ओळी सावकाश वाचल्या. सुपातला हात थांबला.

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"ह्ये कुणी लिवलंय?"

"नाव नाही, आई. आणि ओळ चुकीचीच आहे. एकच दगड उभा कशाला ठेवील कुणी?"

"चुकीची न्हाय." आईनं सूप बाजूला सारलं. "तळ हलला की चुलीचे दगड पालथे घालायचे. पर आपलं कुणी मागं ऱ्हायलं असंल तर एक उभा ठिवायचा. म्हंजी त्येला कळावं, आपली वाट बघत्यात. तुझ्या आजीची रीत. गुंडा मागं ऱ्हायला तवा म्याच ठिवला हुता."

माझं लाल टोक त्या ओळीवर टेकलेलं होतं. ते तिथंच मोडलं.

सिद्धाप्पा कामावरून आले. सगळं ऐकून त्यांनी पागोटं खुंटीला अडकवलं. मग म्हणाले, "ही रीत आणिक कुणाची बी आसंल. माळावर काय आपुनच हुतो व्हय? आसंल कुणाचा तरी ल्योक."

"आसू दे की," म्हाळसाबाई म्हणाली. "कुणाचा तरी हाय न्हवं?"

रविवारी वाचनालयात मायाक्का उभी राहिली तेव्हा मी तिच्या मुठीत होते आणि मूठ ओली होती. तिसऱ्या कवितेशी आल्यावर ती थांबली. "या ओळीखाली मी लाल रेघ ओढली होती. चूक माझी होती." मग तिनं दगडाची रीत सांगितली.

"ही माहिती कुठल्या ग्रंथात आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"ग्रंथात नाही. माझ्या आईला माहीत आहे. आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे रसग्रहणही आता कळपात निघालं म्हणायचं!" चार जण हसले. ती दचकली. पण खाली बसली नाही, कविता शेवटपर्यंत वाचली.

कवी कोण, असं विचारणारं पत्र मायाक्कानं त्या मासिकाच्या संपादकांना धाडलं. उत्तर आलं की कवीची इच्छा नसल्यानं नाव देता येत नाही, मात्र काही धाडल्यास त्याच्याकडं पोचतं करू. काय धाडायचं? मायाक्कानं चार कागद लिहिले आणि फाडले. शेवटी म्हाळसाबाईनं मला मागितलं. जन्मात तिनं पेन्सिल धरलेली नव्हती. कवितेच्या पानावर, त्या लाल रेघेशेजारी, तिनं निळ्या टोकानं तीन खुणा केल्या. दोन आडव्या, एक उभी. खाली मायाक्कानं फक्त चाळीचा पत्ता लिहिला.

ते पान धाडलं त्याला तीन महिने झाले. पोस्टमन जिन्यात आला की दोघी उठतात. तो खालच्याच मजल्यावरून परततो.

तुमच्यापैकी कुणी त्या वाटसरूला ओळखत असेल, तर त्याला सांगा. तो गुंडा नसला तरी सांगा. म्हाळसाबाईनं ज्वारीनं भरलेल्या वाटीत माझं लाल टोक रोवलंय, निळं वर. वाटी दाराशी, उंबऱ्याच्या आत ठेवलीय. झाडताना मायाक्का मला हलवत नाही.

मी उभी आहे.