अकरावी नमो मरिया

मॉर्टीचं अंग गॉब्नेटनं धुतलं. भावाचे पुढचे चार दात बंदुकीच्या दस्त्यानं पाडलेले, उजव्या हाताची बोटं बुटाखाली चिरडलेली. गोळ्यांची भोकं तीन. दोन पोटात, एक कानामागे. आवाज तिनं अंगणातूनच ऐकले होते. पहिले दोन लागोपाठ आले, तिसरा फार उशिरा. तेवढा वेळ मॉर्टी पोट धरून चिखलात पडलेला होता आणि त्याच्याशेजारी थेड मॉयनिहन उभा होता. दूध घालणाऱ्या बाईनं पाहिलं होतं.

थेड पुलापलीकडचा. इंग्रज गेले आणि मागं राहिलेल्यांनी एकमेकांचे गळे धरले, तेव्हा थेड सरकारी फौजेत गेला आणि मॉर्टी बंडखोरांत.

मॉर्टी जाऊन आज नऊ दिवस झाले होते. गॉब्नेटनं कुंपण छाटायचा कोयता इतका परजला होता की अंगठा नुसता टेकला तरी रक्त येई. उद्या रविवार. थेड चर्चमध्ये मिस्साला पुलावरच्या वाटेनं येणार होता. जागाही तिनं पाहून ठेवली होती.

"गॉब्नेट, जपमाळ," आई म्हणाली. उजेड अजून होता, कोंबड्याही आत आल्या नव्हत्या. दोघींनी गुडघे टेकले. या घरात सगळ्यांची तोंडं भिंतींकडे, कोपरं आपापल्या खुर्चीवर आणि पाठी एकमेकांकडे असत. जपमाळेची दशकं पाच, एकेका दशकात दहा मणी आणि दहा नमो मरिया. पहिलं आणि तिसरं दशक आईचं, दुसरं आणि पाचवं गॉब्नेटचं. चौथं मॉर्टीचं होतं.

मॉर्टी दहाच्या जागी अकरा नमो मरिया म्हणायचा.

"दहा म्हणजे दहा!" आई कावायची. "मोजता येत नाही का रे, घोड्या?"

"अकरावी वाटेवरच्यासाठी, आई. ज्याला पोचायला उशीर झालाय त्याच्यासाठी."

"मग त्यालाच म्हणू दे की!"

आई अकरावीला उत्तर देत नसे. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणून मॉर्टी थांबायचा आणि उरलेला अर्धा एकटी गॉब्नेट म्हणायची. घराबाहेर कुणाला हे ठाऊक नव्हतं.

तो गेल्यापासून चौथ्या दशकाला दोघी गप्प राहत. गॉब्नेटची बोटं मात्र चालत. प्रत्येक मण्याला ती एक घाव मोजत असे.

तिसरं दशक संपता संपता दार करकरलं.

"कोण असेल ते आत या," आई मान न वळवता म्हणाली. "दार लावून घ्या, वारा येतोय. मधेच आलात, तेव्हा रिवाज ठाऊक आहेच. त्या खुर्चीशी टेका गुडघे. चौथं तुमचं."

गॉब्नेटनं वळून पाहिलं. थेड होता. अंगावर वर्दी नव्हती, डोकं उघडं होतं. तिच्याकडे न बघता त्यानं मॉर्टीच्या खुर्चीशी गुडघे टेकले. हातातली काळी माळ मॉर्टीची होती. हरवलेल्या मण्याच्या जागी शर्टाचं बटण ओवलेलं होतं, ते तिनंच ओवलं होतं. म्हणजे मेलेल्याचा खिसाही यानं सोडला नव्हता.

कोयता दाराआड होता. ती उठली आणि अनवाणी पायांनी तो घेऊन आली. थेडची मान तिच्यासमोर खाली वाकलेली होती, केसांखालची पांढरी कातडी दिसत होती. दहा होऊ देत, तिनं ठरवलं. प्रार्थना अर्धवट तोडायची नाही. दहावी झाली की घाव.

थेड घोगऱ्या आवाजात म्हणत होता, आई एकटीच उत्तरं देत होती. दशकाच्या सुरुवातीच्या प्रभूच्या प्रार्थनेतलं "आम्ही जशी आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" हेही आईच म्हणाली. गॉब्नेटचे ओठ मिटलेले होते. सात. आठ. नऊ.

दहावीचं आमेन झालं आणि तिनं कोयता उचलला.

"नमो मरिया, कृपापूर्णे..." थेडनं अकरावी सुरू केली.

घाव निघाला होता. मनगट कसं वळलं ते तिचं तिलाही कळलं नाही. पातं थेडच्या कानाची पाळी घेऊन खुर्चीत रुतलं. रक्त गालावरून माळेवर गळू लागलं. तो हलला नाही. आपला अर्धा भाग त्यानं पुरा केला आणि मॉर्टी थांबायचा तसा थांबला.

हे त्याला कुणी शिकवलं? शिकवणारा एकच होता, आणि शिकवायला वेळ एकदाच मिळाला होता, दुसऱ्या आणि तिसऱ्या गोळीच्या मध्ये. तेव्हा दात पडलेल्या तोंडानं मॉर्टी म्हणत होता आणि उत्तर द्यायला हाच एक माणूस होता.

आता आईही वळली होती. कोयता आणि रक्त बघून ती भिंतीला टेकली. पण सवयीनं म्हणा, कशानं म्हणा, अकरावीला ती गप्पच राहिली.

अर्धी प्रार्थना खोलीत तशीच लोंबकळत होती. गॉब्नेटनं कोयता ओढून पाहिला. तो निघेना. तिनं दांडा सोडला आणि होती तिथंच गुडघ्यांवर बसली.

"हे पवित्र मरिये, देवाच्या माते," ती म्हणाली. "आम्हां पापी लोकांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर."

"आमेन," थेड म्हणाला आणि रक्तानं भरलेली माळ त्यानं तिच्यापुढं धरली.

ती तिनं घेतली. पाचवं दशक तिचं होतं.