मास्तरबाईंचा कीबोर्ड

मित्रांनो, वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकबांधणीचे सामान ठेवायचे एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, डिंकाच्या बाटलीशेजारी, स्वतःची वायर स्वतःभोवती गुंडाळून जो कीबोर्ड पडला आहे, तो मी. एके काळी मी पांढराशुभ्र होतो. आता माझा रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला आहे, आणि बॅकस्पेसची कळ मधोमध झिजून तिला चक्क बोटाच्या आकाराचा खळगा पडला आहे. ही झीज कुणी केली, ते तुम्हाला सांगावे असे बरेच दिवस मनात आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलाशी बसलेल्या एका बाईने माझी एकेक कळ दाबून पाहिली. तिला माझे कौतुक करायचे नव्हते, दोष शोधायचा होता. तो सापडला नाही, तेव्हा तिने काही न बोलता मला पुढे सरकवले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

तिथून मी या वाचनालयात आलो. ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवून, चिमट्याने उचलून, माझ्या कळांवर अक्षरांचे कागद चिकटवले. 'ज्ञ' त्यांनी आधी उलटा चिकटवला होता. तो काढून पुन्हा लावताना ते माझ्याशी बोलल्यासारखे म्हणाले, "घाई केली की असं होतं बघ." खिडकीकडून तिसऱ्या संगणकापुढे मला जागा मिळाली. लोक यायचे, अर्ज भरायचे, निकाल बघायचे, जायचे. कुणाची बोटे माझ्या लक्षात राहिली नाहीत.

मग एका मंगळवारी मास्तरबाई आल्या.

दोन गल्ल्या पलीकडे त्यांचे कपडे शिवण्याचे आणि दुरुस्तीचे दुकान होते. कपडे बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून सगळे त्यांना मास्तरबाई म्हणत. पन्नाशी उलटलेली, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. दुपारी दुकान दोन तास बंद असायचे, तेवढ्यात त्या मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाकडे वळूनही पाहायच्या नाहीत. संगणक उघडून थेट विज्ञानाच्या आणि नव्या यंत्रांच्या बातम्या वाचायच्या.

"शाळेत असताना प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असायची," त्यांनी एकदा ग्रंथपालांना सांगितले. "नववीनंतर किल्ली परत केली. वाचायची सवय मात्र परत करता आली नाही."

त्या संकेतस्थळावर प्रत्येक बातमीखाली वाचकांना आपले मत लिहायची सोय होती. मास्तरबाईंनी तिथे 'उलटी टीप' असे टोपणनाव घेतले. शिवणकामात टीप म्हणजे टाक्यांची ओळ, आणि पुस्तकात टीप म्हणजे मजकुराखालचा शेरा. त्यांना दोन्ही झकास जमायच्या. सुईने टणक झालेल्या दोन बोटांनी त्या माझ्यावर लिहायच्या, आणि मला वाटायचे, आता कुठे मला काम मिळाले.

तेरा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला उजेड दुर्बिणीत पोहोचल्याची बातमी आली. त्यांनी लिहिले, "एवढा उशीर करून आला तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन दिवस उशीर केला तर गिऱ्हाईक दुकानात ठाण मांडून बसतं." चार मिनिटांत शर्टाची घडी घालणाऱ्या यंत्रमानवाची बातमी आली, तेव्हा लिहिले, "आमच्या घरातल्या माणसाला तीस वर्षांत जमलं नाही. त्या मानाने प्रगती चांगली आहे." फोटोवरून अंगाचे माप घेणाऱ्या यंत्राबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला, "फोटो काढताना सगळे पोट आत ओढतात, ते यंत्राला सांगितलंय का?"

पण एक सांगतो. या चेष्टेच्या मुळाशी कौतुक होते. शेरा लिहिण्याआधी त्या ती बातमी दोनदा वाचायच्या, अवघड शब्द टेपच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने टिपून घ्यायच्या. एखादा शोध फार आवडला की काही लिहायच्याच नाहीत. नुसत्या माझ्यावर हात ठेवून बसून राहायच्या. लोक त्यांचे शेरे शोधत यायचे. "आज उलटी टीप कुठे आहे?" असे विचारायचे. ते वाचून त्या गालातल्या गालात हसायच्या, आणि माझीही छाती फुगायची.

एका शुक्रवारी हातमोज्याची बातमी आली.

अर्धांगाचा झटका येऊन ज्यांचा हात लुळा पडला आहे, अशा माणसांसाठी एका संशोधक मुलीने हातमोजा तयार केला होता. त्यात बोटांवरून बारीक नळ्या नेल्या होत्या. नळ्यांत हवा भरली की बोटे मिटत, सोडली की उघडत. असे पुन्हा पुन्हा करून मेंदूला बोटांची आठवण करून द्यायची, अशी ती कल्पना. सोबत मोठा फोटो होता. त्यात बोटांच्या टोकांवरची शिवण स्पष्ट दिसत होती, वेडीवाकडी, सुरकुतलेली.

मास्तरबाई फोटोकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी झपाट्याने लिहिले, "बोटांना काम शिकवणारा हातमोजा केलात, छान. आता तो शिवणाऱ्यालाच आधी घाला."

एवढे लिहून त्या उठून गेल्या.

मंगळवारी येऊन पाहतात तो त्या एका ओळीला अकरा हजार लोकांनी दाद दिली होती. खाली शेऱ्यांची रांग लागली होती. पण त्यांत गंमत कमी आणि टवाळी जास्त होती. यांना सुईत दोरा ओवता येत नाही आणि मेंदू दुरुस्त करायला निघालेत, असे कुणी म्हणत होते. कुणी त्या मुलीच्या दिसण्यावर लिहिले होते. मास्तरबाई वाचत खाली खाली गेल्या. मध्येच त्या मुलीचे स्वतःचे उत्तर होते.

"शिवणारी मीच आहे. सल्ल्याप्रमाणे घालून पाहिला. फरक पडला नाही."

मास्तरबाईंना हसू फुटले. मग ते हसू थांबले. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, आणि माझ्यावर टेकलेली बोटे उचलून घेतली.

"काय झालं, मास्तरबाई?" पुस्तकांची थप्पी घेऊन जाणाऱ्या ग्रंथपालांनी विचारले.

"एका पोरीला भर चौकात उभं केलं मी," त्या म्हणाल्या. "आणि स्वतः घरी निघून गेले."

शुक्रवारी त्या परत आल्या, तेव्हा त्या मुलीचे उत्तर तिथे नव्हते. तिने ते काढून टाकले होते. टवाळी मात्र जिथल्या तिथे होती. मास्तरबाईंनी आपली ती ओळ काढून टाकली. पण लोकांनी त्या ओळीचे फोटो काढून आधीच चहूकडे पाठवले होते. उसवलेले कापड पुन्हा शिवता येते, हे असे पसरलेले कसे गोळा करणार?

खरी गोष्ट मला पुढच्या तासाभरात समजली. बातमीच्या शेवटी त्या मुलीच्या संस्थेचा ईमेल पत्ता होता. मास्तरबाई तिला पत्र लिहायला बसल्या. एक वाक्य लिहायच्या, खोडायच्या. दुसरे लिहायच्या, तेही खोडायच्या. "माझा हेतू वाईट नव्हता" हे वाक्य त्यांनी चार वेळा लिहिले आणि चार वेळा खोडले. बॅकस्पेसची झीज त्या दुपारी सुरू झाली. एरवी लोक घाईत खोडतात. त्या शिवण उसवावी तशा एकेक अक्षर खोडत होत्या.

शेवटी जे पत्र गेले, ते मला पाठ आहे. खाली वाचनालयाचे नाव घालून त्यांनी लिहिले होते:

"मी उलटी टीप. तुमच्या शिवणीला हसले ती मीच. माफ करा. मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलंच नाही, फक्त चेष्टा केली. माझ्या सासूबाईंचा उजवा हात झटक्याने गेला. थंडीत मी त्यांना लोकरीचा हातमोजा घातला. त्यात आतल्या बाजूला एक गाठ राहिली होती. ती तीन दिवस घासत राहिली. हाताला काही कळत नव्हतं, म्हणून त्या बोलल्या नाहीत. जखम भरायला दोन महिने लागले. तुमच्या हातमोज्यात शिवण बोटाच्या टोकावर आणि आतल्या बाजूला आहे. तो घालणाऱ्याला ती बोचणार नाही, नुसती सोलत राहील. माणसांवर वापरायच्या आधी एवढं बघा. मला उत्तर नाही दिलंत तरी चालेल."

आठ दिवस उत्तर आले नाही. मास्तरबाई यायच्या, पत्रपेटी उघडायच्या, बंद करायच्या. बातम्या वाचायच्या, पण लिहायच्या काहीच नाहीत. कुणीतरी खाली विचारायचे, उलटी टीप कुठे गेली? त्या तशाच उठून जायच्या. माझ्यावर धूळ बसू लागली.

त्यानंतरच्या मंगळवारी, दुपारीच, एक मुलगी वाचनालयात आली. पाठीला पिशवी, हातात पुठ्ठ्याचे खोके. तिने ग्रंथपालांना विचारले, "इथे बसून विज्ञानाच्या बातम्यांवर लिहिणाऱ्या कुणी शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत का? त्यांच्या पत्राखाली वाचनालयाचं नाव होतं." ग्रंथपालांनी बोटाने तिसऱ्या संगणकाकडे दाखवले.

मास्तरबाई उठून उभ्या राहिल्या. ती मुलगी शेजारची खुर्ची ओढून बसली आणि तिने खोके माझ्यापुढेच उघडले.

"तुमचं पत्र आलं तेव्हा आमची चाचणी पंधरा दिवसांवर होती," ती म्हणाली. "मी ती थांबवलीय. तो हातमोजा मी स्वतः सहा तास घालून बसले. मला बोचला, म्हणून मी तो काढला. तेव्हा समजलं, की ज्यांच्यासाठी केलाय, ते काढणार नाहीत."

"मी ते आधीच नीट लिहायला हवं होतं," मास्तरबाई म्हणाल्या.

"हो," मुलगी म्हणाली. तिने उगाच नाही-नाही म्हटले नाही. "माझं उत्तर काढून टाकल्यावर मी बातमीखालचं एक अक्षर वाचलं नाही. अगदी कुणी शहाण्यासारखं लिहिलं असतं तरी दिसलं नसतं."

मास्तरबाईंनी हातमोजा उचलला. आधी उलटा केला. शिवणीवरून अंगठा फिरवला. नळ्या कशा बसवल्या आहेत ते खिडकीच्या उजेडात बघितले.

"टीप वाकडी आहे, पण घट्ट आहे. कुठे शिकलीस?" त्यांच्या तोंडून 'तुम्ही' केव्हा गेले ते त्यांनाही समजले नाही.

"व्हिडिओ बघून."

"बरी शिकलीस. शिवण टोकावरून काढून बोटाच्या बाजूला घे, की झालं."

"तीनदा करून बघितलं, काकू. बाजूला घेतली की हवा भरल्यावर बोट तिरकं वाकतं. घालून बघा."

तिने एक वेगळा हातमोजा काढून मास्तरबाईंच्या हातात चढवला, लहानसा पंप जोडला आणि बटण दाबले. मास्तरबाईंची बोटे त्यांनी न मिटता मिटली. करंगळी खरोखरच बाजूला कलली. मग मुलीने पहिला हातमोजा चढवला. पाचही बोटे सरळ मिटली, सरळ उघडली. मास्तरबाई स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावे तशा बघत होत्या.

"म्हणजे मला जे वाटलं होतं, तेही चूकच," त्या हळूच म्हणाल्या.

"अर्धं."

"हे एवढं सगळं तू केलंस?"

"चार वर्षं लागली."

मास्तरबाई माझ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. ते बसणे मी ओळखत होतो. फार आवडलेल्या शोधापुढे त्या अशाच बसायच्या.

मग गळ्यातली टेप काढून त्यांनी मुलीच्या बोटांची मापे घेतली. "तुझी शिवण आहे तिथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "आतून पातळ कापडाचं वेगळं अस्तर घालू. ते शिवायचं आणि न उलटवता तसंच घालायचं. म्हणजे त्याची शिवण तुझ्या हातमोज्याकडे राहील आणि गुळगुळीत बाजू कातडीकडे. धुवायलाही निघेल."

मुलगी हातमोज्याकडे बघत राहिली. "हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"तुमच्या डोक्यात बाकीचं सगळं आलं की."

त्यानंतर ती मुलगी पाच-सहा वेळा आली. पहिले अस्तर घट्ट झाले, दुसरे गोळा व्हायला लागले, तिसरे नीट बसले. मास्तरबाईंनी आधी ते सासूबाईंच्या हाताला चार दिवस घातले आणि रोज काढून कातडी तपासली. एक लाल ठिपकासुद्धा उठला नाही. मग चाचणीसाठी त्यांनी बारा अस्तरे शिवून दिली.

काही महिन्यांनी त्याच संकेतस्थळावर नवी बातमी आली. चाचणी सुरू झाली होती. बारा माणसांपैकी चौघांना पेला धरता येऊ लागला होता, बाकीच्यांचे अजून काही सांगता येत नव्हते. फोटोही होता. त्याखाली पहिलाच शेरा कुणीतरी लिहिला होता, "हे तेच ना, शिवता न येणारे?"

मास्तरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. दोन बोटांनी, न थांबता, त्यांनी लिहिले, "आतलं अस्तर मी शिवलंय. नावं ठेवायची असतील तर मला ठेवा. बाहेरचं ज्या मुलीने केलंय, ते आपल्यापैकी कुणालाही जमलं नसतं. मला तर नाहीच. उलटी टीप."

त्यांनी एकही अक्षर खोडले नाही. त्या ओळींना सतरा जणांनी दाद दिली. ग्रंथपालांनी तो आकडा वाचून तोंड वाकडे केले, तर त्या म्हणाल्या, "सतरा पुरे झाले. त्यात एक दाद त्या पोरीची आहे."

त्या वर्षअखेरीस वाचनालयात नवे, काचेला बोट लावून चालणारे संगणक आले आणि मला या कपाटात जागा मिळाली. मास्तरबाई अजूनही मंगळवारी येतात. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येतो, काचेला शिव्या देताना. काचेवर लिहिताना काही लागतच नाही बोटाला, असे त्यांचे म्हणणे आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने जास्त काय मागावे? अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा आणि चहाचा कप जरा लांब ठेवा, एवढेच. दुसरे मागणे माझ्यासाठी नाही. जगात रोज कुणी ना कुणी काहीतरी नवे करत असते, आणि ते पहिल्यांदा वेडेवाकडेच दिसते. त्यावर हसावेसे वाटले तर खुशाल हसा. फक्त लिहिण्याआधी शेजारची एक खुर्ची ओढून घ्या, आणि ज्याने ते केले तो तिथे खोके घेऊन बसला आहे, असे समजून लिहा.